पाचव्या चिमणीची नोंद: युद्धमृतांची नोंदसेवा आणि खडकीचं दफनस्थान, एक परीक्षण

मत्तयाच्या शुभवर्तमानात (10:29) दोन चिमण्या एका दमडीला मिळतात. लूकमध्ये (12:6) पाच चिमण्या दोन दमड्यांना. हिशेब मांडला तर चार चिमण्यांच्या दोन दमड्या झाल्या; पाचवी वर फुकट टाकलेली. बाजारात जिला भावच नाही, तिचाही देवाला विसर पडत नाही, असं येशू सांगतो. मृतांच्या स्मरणाची एखादी सेवा जोखायची असेल तर ख्रिस्ती माणसाच्या हाती हाच काटा असावा. तिथे पाचव्या चिमणीचं काय होतं?

ही सेवा आहे कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनची. 21 मे 1917 रोजी फेबियन वेअर यांच्या पुढाकाराने ती ‘इम्पीरियल’ नावाने सुरू झाली आणि 1960मध्ये ‘कॉमनवेल्थ’ झाली. दोन महायुद्धांतल्या सुमारे 17 लाख मृतांची नोंद, कबरी आणि स्मारकं ती सांभाळते. दीडशेहून अधिक देश-प्रदेशांत मिळून 23,000हून अधिक ठिकाणं. खर्च सहा देश आपापल्या कबरींच्या प्रमाणात उचलतात: ब्रिटन सुमारे 79 टक्के, भारत सुमारे 1 टक्का. वाचकाला मात्र काहीच द्यावं लागत नाही. संकेतस्थळावर नाव शोधणं, मूळ कागदांच्या प्रती पाहणं, स्मरणपत्र उतरवून घेणं, दफनस्थानी जाणं, सगळं मोफत.

आधी दगडाबद्दल, कारण या संस्थेचं सगळं तत्त्वज्ञान दगडात आहे. 1918मध्ये सर फ्रेडरिक केन्यन यांच्या अहवालाने ठरवलं की हुद्दा, वंश, धर्म काहीही असो, शिळा एकाच मापाची. उंची 813 मिलिमीटर, रुंदी 381, जाडी 76. जनरलला मोठी नाही, शिपायाला छोटी नाही. श्रीमंत घरच्या मुलाचं प्रेत मायदेशी नेऊन संगमरवरी छत्री बांधायलाही मनाई झाली. याला विरोध चांगलाच झाला. शिळेऐवजी क्रूस हवा म्हणून हजारो सह्यांचा अर्ज राजघराण्यापर्यंत गेला आणि 4 मे 1920 रोजी पार्लमेंटमध्ये मोठी चर्चा झाली. क्रूसाच्या आडव्या दांडीवर मजकूर बसत नाही, पलटणीचं चिन्ह बसत नाही, आणि प्रत्येक मृत ख्रिस्तीही नव्हता. शेवटी शिळाच राहिली. ख्रिस्ती मृताच्या शिळेवर क्रूस कोरला जातो, ज्यू मृताच्या शिळेवर दाविदाचा तारा, हिंदू सैनिकाच्या शिळेवर देवनागरीत ‘ॐ भगवते नमः’. क्रूस सगळ्यांवर लादला नाही, हा निर्णय आमच्या मते जास्त ख्रिस्ती होता. ज्याला नावाने हाक मारायची त्याला त्याच्याच नावाने मारायला हवी.

एका जागी मात्र समतेला पैशाचा वास येतो. पहिल्या महायुद्धानंतर कुटुंबाला शिळेच्या तळाशी आपला मजकूर कोरून घेता येत असे: जास्तीत जास्त 66 अक्षरं, मधल्या मोकळ्या जागा धरून, दर अक्षरी साडेतीन पेन्स. विधवेने दु:ख अक्षरं मोजून लिहायचं आणि मग बिल भरायचं! पुढे ही रक्कम ऐच्छिक केली गेली. न्यूझीलंडने तर समतेला बाध येतो म्हणून असा मजकूरच नाकारला. त्यांच्या शिळांचा तळ म्हणूनच मोकळा दिसतो. तत्त्व म्हणून न्यूझीलंड बरोबर होतं. वाचणारा माणूस मात्र थांबतो तो त्या 66 अक्षरांपाशीच.

आता ज्याची ओळखच पटली नाही त्याची शिळा. तिच्यावर वर ‘महायुद्धातील एक सैनिक’ आणि खाली इंग्रजी लेखक रुडयार्ड किपलिंगने सुचवलेले तीन इंग्रजी शब्द, ज्यांचा अर्थ ‘देवाला ठाऊक’. किपलिंगचा स्वतःचा मुलगा 1915मध्ये लूसच्या लढाईत बेपत्ता झाला होता. या शब्दांत ‘अज्ञात’ हा शब्द येत नाही, तीच त्यांची कमाई. अज्ञात तो आपल्याला. मराठीत अशा शिळेचं वर्णन करताना वर्तमानपत्रं सर्रास ‘अनामिक सैनिक’ लिहितात आणि नेमका उलटा अर्थ पोचवतात. त्याला नाव होतंच, फक्त आपल्याकडच्या वहीत नाही. स्मरणाच्या उपासनेत हे वाचायचं असेल तर ‘ज्याची ओळख देवाला आहे असा एक सैनिक’ असं वाचावं.

मोठ्या दफनस्थानांत वास्तुकार ल्युटन्सने घडवलेली वेदीसारखी लांब स्मरणशिळा असते. तिच्यावरचं वाक्यही किपलिंगनेच निवडलं: त्यांचं नाव सर्वकाळ जिवंत राहतं. हे सिराखच्या पुस्तकातलं (44:14) आहे. मराठी प्रॉटेस्टंट घरातल्या पवित्र शास्त्रात ते सापडणार नाही; कॅथॉलिक बायबलात मिळेल. ज्यांना मिळेल त्यांनी पाच ओळी मागे जाऊन नववं वचनही वाचावं. तिथे म्हटलंय की काहींची आठवणच उरलेली नाही, ते जणू जन्मलेच नव्हते असे नाहीसे झाले. चौदावं वचन दगडावर गेलं, नववं पुस्तकातच राहिलं. या सेवेचा सगळा दोष या दोन वचनांच्या मधल्या जागेत आहे.

दोष कोणता, तो आता. फ्रान्समधल्या नव-शापेलच्या स्मारकावर (1927) 4,700हून अधिक हिंदी सैनिकांची नावं आहेत, शिपायासकट प्रत्येकाचं. दोनच वर्षांनी, 27 मार्च 1929 रोजी, इराकमधल्या बसऱ्याच्या स्मारकाचं अनावरण झालं. तिथे चाळीस हजारांवर मृतांचं स्मरण आहे, पण हिंदी पलटणींपैकी नावं फक्त अधिकाऱ्यांची. बाकीच्यांसाठी पलटणीखाली ‘आणि इतर इतके हिंदी सैनिक’ असा आकडा. मराठी वाचकाला हे दूरचं वाटायला नको. इराकमधल्याच कूतच्या वेढ्यात (7 डिसेंबर 1915 ते 29 एप्रिल 1916) सहाव्या म्हणजे पूना डिव्हिजनमध्ये 103वी, 110वी आणि 117वी मराठा पलटण अडकली होती. सातारा, रत्नागिरी, कुलाब्याची ती पोरं दगडावर आकड्यात आहेत. युरोपात जे नाव कोरण्याजोगं ठरलं ते इराकमध्ये ठरलं नाही. आफ्रिकेत तर सैन्याच्या हमालांचे तांडेच्या तांडे ना नावाने नोंदले गेले ना कबरीने. तिथल्या वसाहतीच्या एका गव्हर्नरने तर स्थानिकांना शिळेचं मोल कळणार नाही, असंच कळवलं होतं. पाचवी चिमणी ती हीच.

हे आरोप बाहेरच्यांचे नाहीत. एप्रिल 2021मध्ये संस्थेच्याच विशेष समितीने अहवाल प्रसिद्ध केला. त्यात मान्य केलंय की पहिल्या महायुद्धातल्या 45,000 ते 54,000 मृतांचं, मुख्यतः हिंदी, आफ्रिकी आणि इजिप्शियन, स्मरण असमान रीतीने झालं; आणि किमान 1,16,000, कदाचित 3,50,000पर्यंत माणसांचं नावाने झालंच नाही, किंवा मुळीच झालं नाही. ब्रिटिश सरकारने 22 एप्रिलला संसदेत माफी मागितली. शंभर वर्षं उशीर झाला, हे खरं. पण स्वतःची वही स्वतः उघडून तूट जाहीर करणं याला शास्त्रात पश्चात्ताप म्हणतात, आणि त्याचे गुण आम्ही देतो.

आता प्रत्यक्ष वापर. नाव शोधण्याचा तक्ता साधा दिसतो आणि मराठी नावाला हमखास फसवतो. पहिली अडचण आडनावाची. पहिल्या महायुद्धातल्या हिंदी नोंदींत बऱ्याचदा एकच नाव असतं आणि ते आडनावाच्या रकान्यात पडलेलं असतं. ‘पवार’ टाकून रामजी पवार सापडला नाही तर रकान्यात फक्त ‘रामजी’ टाकून पाहा. दुसरी, रोमन अक्षरांतली लेखनपद्धत. कारकुनाने जसं ऐकलं तसं लिहिलं: पवारांचा पोवार, भोसल्यांचा भोंसले, शिंद्यांचा सिंदे, जाधवच्या शेवटी कधी व्ही तर कधी डब्ल्यू. म्हणून पूर्ण नाव न टाकता पहिली तीन-चार अक्षरं टाका आणि पलटण व वर्ष यांनी गाळा. तिसरी फसगत ‘नाईक’ शब्दाची. तो हुद्दाही आहे आणि आडनावही, त्यामुळे हुद्द्याचा रकाना वेगळा तपासा.

पलटणीचं नाव टाकताना युद्ध कोणतं ते पक्कं हवं. 1922च्या पुनर्रचनेत जुन्या पलटणी पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीत गेल्या: 103वीची पहिली बटालियन झाली, 105वीची दुसरी, 110वीची तिसरी, 116वीची चौथी, 117वीची पाचवी आणि 114वीची दहावी. घरातल्या जुन्या पदकाच्या कडेवर 110 आकडा असेल तर तो पहिल्या महायुद्धातला माणूस. त्याला ‘तिसरी बटालियन’ म्हणून शोधलं तर हाती काही लागणार नाही. स्पेलिंगही तेव्हाचंच घ्यायचं, ‘मराठा’ नव्हे, ह मधे घातलेलं जुनं ‘Mahratta’.

तारखेची मर्यादा विसरू नका. पहिल्या महायुद्धासाठी 4 ऑगस्ट 1914 ते 31 ऑगस्ट 1921, दुसऱ्यासाठी 3 सप्टेंबर 1939 ते 31 डिसेंबर 1947. लढाई संपल्यानंतर छावणीतल्या इस्पितळात तापाने गेलेला शिपाईही या मर्यादेत असेल तर बसतो. गोळी लागूनच मेला पाहिजे अशी अट नाही. हे अनेक घरांना माहीत नसतं, आणि ‘तो काही लढाईत नाही मेला’ म्हणून शोधच घेतला जात नाही.

नोंद सापडली की तीत हुद्दा, क्रमांक, पलटण, मृत्यूची तारीख आणि स्मरणाची जागा मिळते. नशीब असेल तर ‘अमक्याचा मुलगा, गाव तमुक’ अशी ओळही असते. वय हिंदी नोंदींत अनेकदा नसतंच. जिल्हे जुने समजून वाचायचे: कुलाबा म्हणजे आजचं रायगड, आणि सिंधुदुर्गातलं गाव रत्नागिरीत दाखवलेलं असेल. नमुना म्हणून नाईक यशवंत घाडगे यांची नोंद काढून पाहावी. माणगावजवळच्या पळसगावचा हा मराठा पलटणीचा जवान 10 जुलै 1944 रोजी इटलीत पडला. व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, पण कबर मिळाली नाही. नाव आहे ते कसिनोच्या स्मारकावर, कबर न सापडलेल्या इतर हजारोंच्या रांगेत आणि त्यांच्याइतक्याच मापाच्या अक्षरांत.

बसऱ्याच्या आकड्यातल्या माणसांसाठी एक चांगली बातमी आहे. दगडावर नावं नसली तरी छापील नोंदवहीत होती, त्यामुळे कूतचा शिपाई संकेतस्थळावर नावाने सापडू शकतो. ते स्मारकच 1997मध्ये सद्दामच्या हुकमाने उखडून नासिरियाच्या रस्त्यावर वाळवंटात नेऊन बसवलं गेलं, त्यामुळे तिथे जाण्याचा विचार बहुतेकांनी सोडलेला बरा. म्हणजे मराठी घराच्या हाती पडद्यावरची ओळच उरते. ती छापून घ्या. स्मरणपत्राचा साचा सगळ्यांना एकच असतो, आणि इथे ते योग्यच आहे.

खडकीला जाणं मात्र सोपं आहे. छावणीच्या परिसरातल्या या दफनस्थानात दुसऱ्या महायुद्धातल्या 1,668 कबरी आहेत. पश्चिम आणि मध्य भारतात विखुरलेल्या कबरी सांभाळणं अशक्य झालं म्हणून त्या इथे एकत्र आणल्या गेल्या. आतच 1914-18चं स्मारक आहे. भारत आणि पाकिस्तानातल्या जुन्या छावण्यांच्या दफनभूमींत ज्यांच्या कबरींची निगा राखता येईना, अशा 1,800हून अधिक मृतांची नावं त्यावर आहेत. त्यांपैकी 629 जणांचे अवशेष जून 1962मध्ये मुंबईच्या शिवडीहून आणून इथे पुन्हा पुरले. इंग्लंडमधल्या खेड्यातल्या पोराचं नाव खडकीत सावलीत आहे आणि साताऱ्याच्या पोराचा आकडा इराकच्या उन्हात.

जाण्याआधी कबरीचा क्रमांक लिहून घ्या. ‘9, सी, 12’ असं असेल तर नववा विभाग, सी रांग, बारावी कबर. रांगेच्या टोकापासून मोजत गेलात तर पाच मिनिटांत सापडते. क्रमांक नसेल तर अर्धा दिवस जातो. अशा दफनस्थानांत प्रवेशद्वाराजवळच्या भिंतीत बसवलेल्या छोट्या कपाटात नोंदवही आणि अभिप्राय-वही ठेवलेली असते. ती आधी पाहा. अक्षरं पुसट असतील तर सकाळी लवकर किंवा उन्हं कलल्यावर जा. तिरप्या उजेडात कोरीव अक्षरं उठून दिसतात, भर दुपारी सपाट होतात. खडू, पीठ, दाढीचा फेस असलं काही अक्षरांत भरू नका, दगडाची छिद्रं ते धरून ठेवतात. फार तर साधं पाणी. मेणबत्ती लावायची तर शिळेच्या बुडाशी नको. मेण दगडात मुरतं आणि काळा डाग राहतो. आपल्याकडे 2 नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, कबरीवर मेणबत्त्यांची रांग लावायची सवय आहे, म्हणून मुद्दाम सांगितलं. बाहेर छावणीतल्या लष्करी जागांचे फोटो काढू नका.

मंडळीने नोव्हेंबरच्या दुसऱ्या रविवारी इथे किंवा आपल्याच चर्चमध्ये स्मरणाची प्रार्थना ठेवली तर एक हिशेब लक्षात असू द्या. एका नावाला पाच सेकंद धरले तरी 1,668 नावांना 2 तास 19 मिनिटं लागतात. कुणी बसणार नाही. त्यापेक्षा बारा नावं निवडा आणि प्रत्येक नावानंतर श्वासभर थांबा. निवडताना हुद्दा बघू नका, आणि वाचतानाही हुद्दा वगळा. त्यात एक नाव बसऱ्याच्या यादीतलं मराठी घ्या, आणि एक जागा ‘ज्याची ओळख देवाला आहे’ अशा माणसासाठी राखा. वचन म्हणून यशया 49:15-16 चपखल बसतं: आई विसरेल, पण देव विसरणार नाही, त्याने तळहातावर कोरून ठेवलंय. अशा प्रसंगी शूरांच्या बलिदानावर भाषण करायचा मोह होतो, तो टाळावा. यांतले कित्येक कॉलऱ्याने, मलेरियाने, मोटार उलटून गेले. त्यांचं मोल शौर्यावर ठरलं नव्हतं.

सेवेची सर्वांत उपयोगी आणि सर्वांत कमी वापरली जाणारी बाजू म्हणजे दुरुस्ती आणि नव्या नावाची मागणी. चुकीचं स्पेलिंग, राहून गेलेलं गाव, अजिबात नसलेला माणूस, सगळ्यासाठी संकेतस्थळावरून अर्ज करता येतो. नुसती कौटुंबिक आठवण पुरत नाही. सेवेत होता याचा पुरावा (पलटणीचं पत्र, पेन्शनचा कागद, क्रमांक कोरलेलं पदक) आणि मृत्यूची तारीख व कारण सांगणारा कागद हवा. संस्था कागद तपासते, पण नाव घ्यायचं की नाही याचा अंतिम निर्णय संबंधित देशाच्या लष्करी खात्याकडे असतो. त्यामुळे वेळ लागतो आणि मधे शांतता असते. तिचा अर्थ नकार असा घेऊ नये. अर्ज फसतात ते दोन कारणांनी: युद्धात होता हे सिद्ध होतं पण मृत्यू वरच्या तारखांत बसत नाही, किंवा त्याच नावाचा दुसरा शिपाई आधीच नोंदलेला असतो. दुसऱ्या अडचणीवर उपाय म्हणजे वडिलांचं नाव आणि गाव. गाव लिहिताना आजचा तालुका-जिल्हा आणि त्या वेळचा जिल्हा दोन्ही द्या, नाव देवनागरीतही लिहून जोडा, आणि मोडी कागद असेल तर त्याच्या फोटोसोबत देवनागरी उतारा व इंग्रजी भाषांतर लावा. मूळ कागद पाठवू नका.